पेन आले, पण शाई भरायची कशाने?

नवे पेन पहिल्या दिवसापासून चांगले चालले आणि नवव्या दिवशी थांबले. त्यात बिघाड काहीच नव्हता. पेटीतून आलेले एकुलते एक कार्ट्रिज, म्हणजे शाईची भरलेली नळी, संपले होते, आणि ते संपल्यावर त्या पेनात शाई भरण्याचे कोणतेही साधन आमच्या हाती नव्हते. या परीक्षणात पेनाबद्दल मी लिहीनच, परंतु पेटीत जी वस्तू असायला हवी होती आणि नव्हती, त्या कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे बाटलीतून शाई भरून घ्यायच्या नळीबद्दल, अधिक लिहावे लागणार आहे.

पेन माझ्या भाचीसाठी घेतले होते. ती यंदा दहावी होऊन अकरावी विज्ञानाला गेली आणि ‘मावशी, मला तुझ्यासारखं शाईचं पेन हवं,’ असे तिने आपणहून मागितले, याचा मला फार आनंद झाला. मी सोलापुरातील एका शाळेत बावीस वर्षे मराठी शिकवते आहे. टाचण, हजेरीपत्रक आणि प्रगतिपुस्तकातील शेरे मी आजही शाईच्या पेनानेच लिहिते, त्यामुळे निवड घाईने केली नाही. शेवटी युरोपातील एका जुन्या, नावाजलेल्या कंपनीचे धातूचे पेन, दोन हजार रुपयांच्या थोड्या वरच्या किमतीचे, ऑनलाइन मागवले. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या प्रथेबद्दल आहे ती एका कंपनीपुरती नाही.

पेन म्हणून ते उत्तम आहे, हे आधी सांगते. पोलादी निब पहिल्याच रेघेपासून न अडखळता चालली. नव्या निबेला कधी कधी घासून घासून वाट करून द्यावी लागते, तसे काही करावे लागले नाही. वजन हातात जाणवते, पण दोन तास लिहूनही बोटे दुखत नाहीत. टोपी घट्ट बसते आणि उघडल्यावर निब ओलीच असते. मध्यम जाडीची निब घेतली ही मात्र माझी चूक झाली. आपल्याकडच्या साध्या वह्यांच्या कागदावर तिची शाई फुटते आणि पानाच्या मागच्या बाजूला उमटते, म्हणून शाळा-कॉलेजच्या लिखाणासाठी बारीक निबच घ्यावी, असे मी आता सर्वांना सांगते.

पेटीत पेन होते, निळ्या शाईचे एक कार्ट्रिज होते आणि पुष्कळ भाषांतले एक घडीचे माहितीपत्रक होते. कन्व्हर्टर नव्हता. ज्यांनी शाईचे पेन बरेच दिवसांत हाती धरलेले नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. कार्ट्रिज म्हणजे कारखान्यात शाई भरून बंद केलेली प्लॅस्टिकची छोटी नळी. ती पेनात दाबून बसवायची आणि संपली की टाकून द्यायची. कन्व्हर्टर म्हणजे त्याच जागी बसणारी, आत दट्ट्या असलेली रिकामी नळी. निब दौतीत बुडवून मागची मूठ फिरवली की दट्ट्या मागे सरकतो आणि शाई वर ओढली जाते. कार्ट्रिजवर चालणाऱ्या पेनाचे बाटलीवर चालणाऱ्या पेनात रूपांतर करणारी वस्तू, म्हणून तिला ते नाव मिळाले. १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचे कार्ट्रिज रुळले आणि १९६० साली आलेल्या पार्कर ४५ या पेनात कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर, जे हवे ते वापरता येऊ लागले. तेव्हापासून जगातील बहुसंख्य शाईची पेने याच पद्धतीने बनतात. म्हणजे कन्व्हर्टर ही हौशी माणसांची चैनीची जोडवस्तू नसून पेनाच्या दोन नेमून दिलेल्या अवयवांपैकी एक आहे, आणि तरीही तो अनेकदा वेगळा विकला जातो.

कार्ट्रिज संपल्यावर मी आणि भाची नवी पेठेत गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. त्याने पेन उघडून पाहिले, आतले रिकामे कार्ट्रिज काढून उजेडात धरले आणि म्हणाला, ‘बाई, ह्याच्या नळ्या आपल्याकडं येत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या आहेत, पण ह्याला बसायच्या नाहीत.’ त्याने बसवून पाहिले, खरोखरच बसेना. मग आम्ही टिळक चौक, मधला मारुती आणि परत येताना सात रस्त्याजवळची दोन दुकाने पाहिली. शाईच्या बाटल्या प्रत्येक ठिकाणी होत्या. निळी, काळी, एका ठिकाणी लाल आणि हिरवीसुद्धा होती. आमच्या पेनाचे कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टर मात्र एकाही ठिकाणी नव्हता. दुकानदारांचा यात काही दोष नाही. वर्षाला दोन गिऱ्हाइके मागतील अशी वस्तू त्यांनी का साठवावी?

‘दुसऱ्या कंपनीच्या बसायच्या नाहीत’ या वाक्यात सगळ्या अडचणीचे मूळ आहे. कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर पेनाच्या आतल्या ज्या तोंडावर बसतात, त्या तोंडाचे एक प्रचलित माप आहे. त्याला स्टँडर्ड इंटरनॅशनल म्हणतात. पेलिकन, कावेको, फाबर-कास्टेल यांच्या कार्ट्रिजवर चालणाऱ्या पेनांना ते माप चालते, आणि जर्मनीच्या श्मिट कंपनीचा के ५ हा कन्व्हर्टर अशा बहुतेक पूर्ण लांबीच्या पेनांना बसतो. पण पार्कर, लामी, पायलट, प्लॅटिनम आणि सेलर यांनी आपापली तोंडे वेगळी ठेवली आहेत. अशा पेनाला त्याच कंपनीची किंवा तिच्याच मापाची नळी लागते. आमचे पेनही याच जातीचे निघाले.

माझे म्हणणे येथूनच सुरू होते. ज्या कंपनीने सर्वांना चालणारे तोंड ठेवले आहे, तिने कन्व्हर्टर दिला नाही तरी गिऱ्हाईक दुसरीकडून आणू शकते. तिला मी फार तर अनुदार म्हणेन. ज्या कंपनीने आपले तोंड जाणीवपूर्वक वेगळे ठेवले आहे, तिने मात्र गिऱ्हाइकाचे बाकीचे सर्व रस्ते बंद केलेले असतात, आणि म्हणून एक रस्ता पेटीतच घालून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. वेगळ्या घडणीचे कुलूप विकायचे आणि किल्ली दुसऱ्या गावातून घ्या म्हणायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

ही प्रथा जिथून आली तिथे ती मुळीच गैरसोयीची नाही, हेही मी समजून घेतले. जर्मनीत शाळकरी मुले शाईच्या पेनाने लिहायला शिकतात, त्यांची पेने कार्ट्रिजवर चालतात, आणि कार्ट्रिजची पाकिटे तिथे घरसामानाच्या मोठ्या दुकानांतही सहज मिळतात. दहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात दौत नको, हा विचारही रास्त आहे. त्या देशात एक कार्ट्रिज घालून पेटी बंद करणे म्हणजे पेन पूर्ण करून देणेच होय. तीच पेटी सोलापुरात उघडली की मात्र अपुरी ठरते.

आपल्याकडे शाई म्हणजे बाटली. महाराष्ट्रात तर शाईचा धंदाच आपल्या माणसांनी उभा केला. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडी आणि वड्यांपासून सुरुवात केली आणि त्यातूनच कॅमलिन कंपनी आणि कॅमल शाई घराघरांत पोचली. माझ्या वडिलांच्या टेबलावर कॅमलची बाटली आणि तिच्या शेजारी काचेचा ड्रॉपर कायम असे, आणि रविवारी सकाळी घरातल्या सगळ्या पेनांत शाई भरण्याचे काम माझ्याकडे होते. बाटली आजही स्वस्त आहे. ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत छोट्या आकाराच्या साधारण ८० कार्ट्रिजची शाई मावते, कारण त्या आकाराच्या एका कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटरच शाई असते. आणि ती अख्खी बाटली परदेशी कार्ट्रिजच्या एका पाकिटापेक्षाही कमी किमतीत येते. शिवाय वापरून झालेल्या ८० प्लॅस्टिकच्या नळ्या कचऱ्यात जात नाहीत. रोज चार-पाच पाने लिहिणाऱ्या अकरावीच्या मुलीला कार्ट्रिजवर अवलंबून ठेवणे हे तिच्या आईवडिलांच्या खिशाला परवडणारे नाही, आणि परवडले तरी मला ते योग्य वाटत नाही.

मग आपली जुनी ड्रॉपरची पेनेच का घेऊ नयेत, असे कोणी विचारेल. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांपासून मुंबईच्या एअरमेलपर्यंत आपल्या कारागिरांनी अशी सुंदर पेने घडवली आहेत. त्यांत नळीच नसते, पेनाचा पोकळ दांडाच शाईने भरायचा असतो, त्यामुळे दोन मिलिलिटरहून अधिक शाई मावते आणि भरलेले पेन आठवडाभर पुरते. माझ्याकडे असे इबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, एक पेन आहे आणि पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी तेच वापरते. उन्हाळ्यात मात्र ते मी ठेवून देते. पेन अर्धे रिकामे झाले की दांड्यात शाईच्या वर हवा साठते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पंख्याखाली बसूनसुद्धा प्रगतिपुस्तकावर अचानक टपोरा डाग पडण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला आहे, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर डाग पडणे ही साधी गोष्ट नाही. कन्व्हर्टरमध्ये मुळात हवाच थोडी असते, आणि तो दांड्याच्या आत सुटा बसलेला असल्याने हाताची ऊब त्याच्यापर्यंत सावकाश पोचते. आमच्या हवेला तो ड्रॉपरच्या पेनापेक्षा अधिक मानवतो, हे मी अनेक उन्हाळ्यांच्या अनुभवावरून सांगते.

दुसरी गोष्ट पेन धुण्याची. याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण माझ्या मते कन्व्हर्टर पेटीत असण्याचे हे सर्वांत बळकट कारण आहे. शाई बदलताना, किंवा पेन सुट्टीत पडून राहणार असेल तर त्याआधी, निब आणि निबेखालची काळी जीभ आतून धुवावी लागते. नाहीतर उन्हाळ्यात शाई आटून दाट होते आणि जूनमध्ये पेन चालत नाही. कन्व्हर्टर असला की हे काम पिचकारीसारखे होते. पाणी आत ओढायचे, बाहेर सोडायचे, सात-आठ वेळा तसे केले की पाणी स्वच्छ येते. अर्धी वाटी पाणी पुरते. फक्त कार्ट्रिज असेल तर निब नळाखाली धरून पाणी वाहू द्यावे लागते, आणि ज्या शहरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते त्या शहरात हे करायला मन धजत नाही. बोअरचे पाणी वापरू नये असेही सुचवते. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग ठेवते, आणि निबेच्या जिभेवरच्या केसाएवढ्या बारीक खाचांत तो क्षार साचला तर शाई अडते. शेवटचे धुणे गाळलेल्या, शुद्ध केलेल्या पाण्याने करावे.

कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला, तो यायला आठ दिवस लागले. त्याची किंमत आणि पाठवणीचा खर्च मिळून पेनाच्या किमतीच्या जवळजवळ एक चतुर्थांश रक्कम गेली. मधल्या दिवसांत औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणून आम्ही रिकाम्या कार्ट्रिजमध्येच शाई भरली. हा उपाय चांगला चालतो आणि अडचणीच्या वेळी अवश्य करावा. सुईचे टोक मात्र आधी कानशीने घासून बोथट करून घ्यावे. पण तो कायमचा उपाय नव्हे. कार्ट्रिजचे तोंड एकदाच बसवण्यासाठी केलेले असते, आणि वरचेवर काढले-घातले की ते सैल होत जाते. सैल झालेल्या तोंडातून शाई दांड्यात झिरपू लागते, आणि ते आधी कळत नाही, कपड्यावर डाग पडल्यावर कळते.

कन्व्हर्टर आल्यावर सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. दट्ट्या आणि त्याची मूठ यांना जागा लागत असल्याने त्यात शाई पूर्ण लांबीच्या कार्ट्रिजपेक्षा पुष्कळ कमी मावते. भाचीला दर तीन-चार दिवसांनी शाई भरावी लागते, आणि परीक्षेला जाताना आदल्या रात्री ती आठवणीने भरून ठेवावी लागेल. काही वेळा शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसते, निबेकडे उतरत नाही आणि कन्व्हर्टर निम्मा भरलेला असूनही पेन कोरडे पडते. हा पृष्ठताणाचा परिणाम आहे. पेन उलटसुलट करून हलकेच टिचकी मारली की शाई खाली येते, आणि नवा कन्व्हर्टर भांडी घासायच्या द्रवसाबणाच्या एका थेंबाने धुऊन घेतला तर ही खोड बरीच कमी होते. काही कंपन्या याच कारणासाठी कन्व्हर्टरच्या आत बारीक गोळी घालतात.

कन्व्हर्टर पेटीत घातला तर पेनाची किंमत वाढेल, हा आक्षेप मला मान्य आहे. वाढू द्यावी. वेगळा घेताना मी जे मोजले त्यात पाठवणी आणि सुट्या वस्तूवरचा नफा दोन्ही होते. पेनासोबत तो कितीतरी कमी वाढीत देता आला असता. दुसरा आक्षेप असा की ज्यांच्याकडे त्याच कंपनीची चार पेने आहेत त्यांना पाचवा कन्व्हर्टर कशाला? अशा लोकांसाठी कन्व्हर्टरशिवायची पेटी अवश्य ठेवावी. पण नियम कोणाला धरून करायचा आणि अपवाद कोणाला, हा प्रश्न आहे. नियम पहिले पेन घेणाऱ्याला धरून असावा, कारण त्याला कन्व्हर्टर नावाची वस्तू असते हेच मुळी ठाऊक नसते आणि नवव्या दिवशी पेन थांबले की तो ते कपाटात ठेवून पुन्हा बॉलपेनकडे वळतो. असे माझ्या डोळ्यांदेखत दोन-तीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडले आहे.

काही पेनांना मी या अपेक्षेतून वगळते. प्लॅटिनमच्या प्रेपीसारखे पेन इतके स्वस्त असते की कन्व्हर्टरची किंमत पेनाहून अधिक होते. तिथे सक्ती करणे म्हणजे गरिबाचे पेन महाग करणे. कावेको स्पोर्टसारख्या आखूड पेनात पूर्ण आकाराचा कन्व्हर्टर मावतच नाही. ज्या पेनांत दट्ट्या दांड्यातच बांधलेला असतो त्यांचा तर प्रश्नच येत नाही.

आणि ही अपेक्षा अवाजवी नाही हे दाखवायला उदाहरणे आहेत. चीनची जिनहाव पेने अगदी कमी किमतीत कन्व्हर्टरसह येतात. पायलट कंपनी कस्टम ७४ या पेनासोबत आपला मोठा, एक मिलिलिटरच्या आसपास शाई घेणारा कॉन-७० कन्व्हर्टर देते. हीच कंपनी आपले मेट्रोपॉलिटन हे पेन अमेरिकेत स्वतःच्या तोंडाचे आणि दाबून भरायच्या कन्व्हर्टरसह विकते, तर युरोपात तेच पेन एमआर या नावाने आणि स्टँडर्ड इंटरनॅशनल तोंडाने विकते. प्रदेश पाहून पेनाचे तोंडसुद्धा बदलता येते, तर भारतात पाठवायच्या पेटीत एक नळी अधिक घालणे कोणत्याही कंपनीला जड जाऊ नये.

आमच्या पेनाला मी पाचपैकी साडेचार गुण देते आणि त्याच्या पेटीला दोन. कोणाला ते घ्यायचे असेल, किंवा त्या किमतीचे कोणतेही परदेशी पेन घ्यायचे असेल, तर मागवण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: तोंड कोणत्या मापाचे आहे आणि कन्व्हर्टर सोबत आहे का. ‘कार्ट्रिज किंवा कन्व्हर्टरवर चालते’ असे वर्णनात लिहिलेले असते, त्याचा अर्थ कन्व्हर्टर पेटीत आहे असा होत नाही. मीही ते वाक्य वाचूनच निर्धास्त झाले होते. सोबत नसेल तर त्याच वेळी मागवावा, म्हणजे पाठवणीचा खर्च दुसऱ्यांदा पडत नाही.

नवी पेठेतल्या माझ्या विद्यार्थ्याने त्यानंतर पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून तीन-चार मापांचे दोन-दोन कन्व्हर्टर मागवून काउंटरच्या काचेखाली ठेवले आहेत. पेन घेऊन गेलात तर तो बसवून दाखवतो, आणि समोरच्या बाटलीतून पहिली शाईही भरून देतो.